आधी धड, मग हात

१९६७ साली मॉस्कोमध्ये बेलेंकी, गुरफिंकेल आणि पाल्त्सेव्ह या तीन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला ताठ उभं करायचं, खूण होताच एक हात झपकन समोर उचलायला सांगायचं आणि कोणता स्नायू नेमका कधी जागा होतो याची विद्युत नोंद घ्यायची. हात उचलायचा म्हणजे खांद्याचा डेल्टॉइड सर्वांत आधी कामाला लागणार, असं कुणालाही वाटेल. नोंदी वेगळंच सांगत होत्या. डेल्टॉइडच्या आधी मांडीच्या मागचे आणि धडाचे स्नायू आवळले गेले होते. हात जागचा हलला नव्हता, आणि पाय-कंबर मात्र आधीच तयारीत होते.

शरीराला ही घाई का? एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतं. साठ किलोच्या माणसाचा एक हात म्हणजे तीन किलो. तो झटक्यात पुढे गेला की शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे धडाला उलटा धक्का बसतो. धक्का बसल्यावर सावरू म्हटलं तर उशीर होतो. तोल ढळल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचायची, तिथून हुकूम सुटायचा, तोवर हाताचा नेम चुकलेला असतो. म्हणून मेंदू धक्क्याचा अंदाज आधीच बांधतो आणि हात निघण्यापूर्वी धडाला सज्ज करतो. चढणाऱ्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच खालच्याने शिडी घट्ट धरावी, तसा हा प्रकार आहे.

यातलं काहीच आपण ठरवून करत नाही. फळीवरचा डबा काढताना, बसमधला वरचा दांडा पकडताना, फळ्यावर लिहिताना ही तयारी दर वेळी होते आणि हात खाली आला की विसरलीही जाते.

पोटाच्या आतल्या थरांत या वेळी काय घडतं, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवून दिलं. खोलवरच्या स्नायूंची नोंद त्वचेवरून नीट मिळत नाही. म्हणून त्यांनी सोनोग्राफीच्या मदतीने अतिशय बारीक तारा थेट त्या स्नायूंत घातल्या. पोटाला आडवा वेढा घालणारा सर्वांत आतला स्नायू, ट्रान्सव्हर्सस अ‍ॅबडॉमिनिस, निरोगी माणसांत डेल्टॉइडच्या आधी जागा होत होता. हात कोणत्या दिशेने हलवला यामुळे त्यात फरक पडत नव्हता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कंबरदुखीचे १५ रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्ती होत्या. रुग्णांमध्ये हा स्नायू उशिरा जागा होताना दिसला. दुखणं कमरेत होतं, पण चाचणी हात उचलण्याची होती आणि दोष तिच्यात पकडला गेला.

पुढच्याच वर्षी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासपटलाची नोंद घेतली. हात झपकन उचलताना तेही हाताच्या आधी आकुंचन पावतं, मग माणूस त्या क्षणी श्वास आत घेत असो किंवा बाहेर सोडत असो. म्हणजे श्वास घेणाऱ्या स्नायूकडे शरीर सावरण्याचंही काम आहे. २००१ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. श्वासाची गरज वाढली की श्वासपटलाचं सावरण्याचं काम मागे पडतं. शरीर आधी प्राणवायूची सोय पाहतं, तोल नंतर.

व्यायामशाळेत ज्याला सरसकट ‘कोअर’ म्हणतात त्यात केवळ पोटाच्या पुढच्या वड्या येत नाहीत. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू, भोवताली पोटाचे आडवे-तिरपे थर आणि मागे मणक्यामणक्याला जोडलेले मल्टिफिडससारखे छोटे स्नायू, असा हा चहूबाजूंचा बंदोबस्त आहे. त्याला हात कसा जोडलेला असतो हे पाहायचं तर पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्साय पाहावा. जिममधली मुलं त्याला ‘विंग्ज’ म्हणतात. कमरेच्या मागचा जाड पडदा आणि कमरेच्या हाडाची कड इथून तो निघतो आणि काखेखालून थेट दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. एकच स्नायू कंबर आणि दंड दोन्हींना धरून आहे. दोर ओढताना, दार खेचताना, पोहताना पाण्याला मागे सारताना त्याचं एक टोक स्थिर राहिलं नाही, तर दुसऱ्या टोकाला जोर कुठून येणार?

कण्याभोवतीचे हे स्नायू नसते तर काय झालं असतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मनोहर पांजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये शोधलं. मृतदेहातल्या कमरेच्या मणक्यांवरचे स्नायू काढून फक्त हाडं आणि अस्थिबंध ठेवले, तेव्हा सुमारे ९० न्यूटन, म्हणजे नऊ किलोच्या आसपासच्या भाराखाली कणा वाकून कोलमडला. जिवंत माणसाच्या कमरेवर नुसतं उभं राहिलं तरी याच्या कितीतरी पट भार असतो. कणा उभा राहतो तो भोवतालच्या स्नायूंच्या सततच्या ताणामुळे.

मात्र हा ताण फार मोठा लागत नाही. रोजच्या हालचालींत कणा स्थिर ठेवायला स्नायूंच्या कमाल ताकदीच्या जेमतेम काही टक्के पुरतात, असं मॅकगिल आणि चोलेव्हिकी यांच्यासारख्या अभ्यासकांच्या गणितांतून दिसतं. तो थोडासा ताण तासन् तास टिकवावा लागतो, हीच अवघड बाब आहे. म्हणून इथे प्रश्न बळाचा कमी आणि दमाचा जास्त आहे. एकदाच शंभर किलो उचलणारा माणूस दुपारपर्यंत खुर्चीत पोक काढून बसलेला दिसू शकतो, आणि बारीक अंगाची शेतमजूर बाई दिवसभर ओणवी राहून हात चालवत राहते. दोघांच्या स्नायूंकडून मागणी वेगळी आहे.

धड आणि हात यांचं नातं माणसाच्या आयुष्यात फार लवकर दिसू लागतं. फ्रान्समध्ये आल्बेर ग्रेनिए आणि क्लोदिन आमिएल-तिझों या डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास नवजात बाळांबाबत एक विलक्षण निरीक्षण मांडलं. काही दिवसांच्या बाळाचं डोकं आणि मान हाताने नीट आधार देऊन स्थिर ठेवली, की त्याच्या हातांच्या झटकेदार, सैरभैर हालचाली शांत होतात आणि ते समोरच्या वस्तूकडे हात नेऊ लागतं. क्षमता हातात होती, पाया नव्हता.

पुढे बाळ बसू लागतं तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार निरोगी मुलं आधाराशिवाय बसायला साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान शिकतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संशोधकांनी बाळांना कधी छातीपाशी, तर कधी फक्त कमरेपाशी आधार दिला आणि खेळण्याकडे हात जाताना निरखला. धडाचा खालचा भाग अजून ताब्यात न आलेल्या बाळांचा हात छातीपाशी आधार मिळाल्यावर सरळ जात होता आणि आधार कमरेपर्यंत उतरवला की वेडावाकडा होत होता. धड ताब्यात आलेल्या बाळांना तो वरचा आधार लागत नव्हता.

प्रौढांमध्ये हा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो पॅरा-खेळांच्या मैदानावर. बसून केल्या जाणाऱ्या गोळाफेक, थाळीफेक आणि भालाफेकीत खेळाडूंचे गट पाडताना धडावरचा ताबा हा एक मुख्य निकष असतो. एफ५४ गटातल्या खेळाडूंच्या हातांत पूर्ण ताकद असते, मात्र पोट आणि कमरेच्या स्नायूंवर ताबा नसतो. एफ५५ मध्ये हात तसेच असतात, पण धडावर अंशतः किंवा त्याहून जास्त ताबा असतो. हात सारखेच असूनही या दोघांना एकमेकांविरुद्ध उतरवणं अन्यायाचं ठरतं, कारण धड वळवता आणि सावरता आलं की फेक लांब जाते. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये तर प्रत्येक खेळाडूला १.० ते ४.५ असे गुण देतात. धडाची हालचाल जितकी कमी, तितके गुण कमी. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. हातांनी खेळायच्या खेळात मोजमाप धडाचं होतं.

पॅरिसमध्ये २०२४ च्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भालाफेकपटू सुमित अंतिलबरोबर भारताचा तिरंगा धरणारी नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव एफ३४ गटात बसून गोळाफेक करते. या प्रकारात खेळाडू जमिनीला जखडलेल्या फेकीच्या चौकटीवर बसतात आणि पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेतात. पाय धावत नाहीत, वेग मिळत नाही. गोळ्याला जो जोर मिळायचा तो धड आणि खांद्याच्या वळणातूनच.

धावणाऱ्या खेळाडूकडे हा जोर जमिनीतून येतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राने ८७.५८ मीटरवर टाकलेला ८०० ग्रॅमचा भाला केवळ उजव्या हाताने फेकलेला नव्हता. पूर्ण वेगाने धावत आलेलं शरीर पुढच्या पायावर अडतं, तिथे थांबलेली गती कमरेत शिरते, कंबर वळते, मागोमाग धड, खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. प्रत्येक टप्प्यावर वेग वाढत जातो. मधला दुवा, म्हणजे धड, ढिला पडला तर खालून आलेली ऊर्जा तिथेच विखुरते आणि तूट भरून काढायचं काम खांद्यावर पडतं.

ही तूट किती महाग पडते याचं गणित अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ बेन किब्लर यांनी टेनिसच्या सर्व्हिससाठी मांडलं. सर्व्हिसची निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा पाय, कंबर आणि धडातून येते. ती २० टक्क्यांनी घटली, तर हातापर्यंत तेवढाच जोर पोहोचवायला खांद्याला आपला वेग ३४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. एका सामन्यात शंभरेक सर्व्हिस होतात. खांद्याच्या कण्डरा आणि कोपराचे अस्थिबंध हा जादा भार किती दिवस सोसणार?

अमेरिकेतल्या ३४७ व्यावसायिक बेसबॉल पिचरांचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंचा, अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामापूर्वी प्रत्येकाला एक पाय किंचित उचलायला सांगून कंबर किती कलते ते मोजलं होतं. ज्यांची कंबर जास्त कलत होती, त्यांच्यावर दुखापतीमुळे किमान ३० दिवस खेळाबाहेर बसण्याची वेळ येण्याची शक्यता चांगला ताबा असलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाली. २०१५ मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींचे धडाचे स्नायू आधी मुद्दाम दमवले आणि मग खांद्याची ताकद मोजली. खांद्याला काहीच काम दिलेलं नसताना त्याचा जोर कमी भरला. धड दमलं की हात दमतो, हे इतकं थेट आहे.

खेळाडूंपेक्षाही ज्यांना या माहितीची जास्त गरज आहे ते म्हणजे पक्षाघातातून सावरणारे रुग्ण. घरातले सगळे लुळ्या हाताकडे पाहत असतात. बोटं हलतात का, चेंडू दाबता येतो का, याचीच चौकशी होते. पण पक्षाघातात धडाच्या स्नायूंवरचा ताबाही कमी होतो आणि रुग्ण खुर्चीत एका बाजूला कलत असेल, तर त्याचा हात आधी तोल सांभाळायला वापरला जातो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जुन्या पक्षाघाताच्या रुग्णांना आणि त्यांच्याच वयाच्या निरोगी व्यक्तींना हाताची ठरावीक कामं दोनदा करायला लावली. एकदा धडाला आधार न देता, एकदा आधार देऊन. आधार मिळताच रुग्णांचा हात सुधारला, आणि निरोगी माणसांचाही.

त्याचबरोबर धडाचा गैरवापरही होतो. हात पुरेसा पुढे जात नाही म्हणून रुग्ण कमरेतून पुढे झुकून वस्तू गाठतो. काम होतं, पण कोपर सरळ करण्याची सवय मोडते. माँट्रियलमध्ये मिंडी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तीस रुग्णांवर केलेल्या चाचणीत निम्म्यांचं धड सरावाच्या वेळी खुर्चीला बांधून ठेवलं. त्यांच्या हाताची सुधारणा बाकीच्यांपेक्षा चांगली झाली, कारण पोहोच कोपरातूनच मिळवावी लागली. धडाचं काम हाताला पाया देण्याचं आहे, हाताच्या बदल्यात पुढे धावण्याचं नाही.

इतका पुरावा असला तरी अतिरेकी दाव्यांपासून सावध राहायला हवं. समाजमाध्यमांवर कोअरच्या व्यायामाने कोणतंही दुखणं बरं होतं असं सांगणारे पुष्कळ आहेत. २०११ मध्ये २८ निरोगी व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात धडाच्या टिकावाचा खेळातल्या कामगिरीशी संबंध आढळला, पण तो कमकुवत ते मध्यम होता. १९८९ मध्ये मुलांमध्ये खांद्याभोवतीचा ताबा आणि बोटांचं कसब यांचा संबंध तपासला तेव्हाही तो होता, मात्र क्षीण. कॉक्रन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यानुसार जुनाट कंबरदुखीत खोल स्नायूंचे खास व्यायाम इतर व्यायामांपेक्षा फार सरस ठरत नाहीत. बोटांची बारीक कामं मेंदू, मज्जातंतू आणि कण्डरा यांच्या आरोग्यावर अवलंबून असतात. मनगटात दबलेली नस कोअरच्या व्यायामाने सुटत नाही, आणि सुईत दोरा ओवायला कमालीची मजबूत पाठ लागत नाही. धडाचा दम ही हाताच्या कामाची एक अट आहे, एकमेव अट नाही. मात्र ती अशी अट आहे जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

धडाचा हा दम मोजणं सोपं आहे. डेन्मार्कचे बिअरिंग-सोरेन्सेन यांनी कोपनहेगनजवळच्या ग्लोस्ट्रुप इथल्या ४४९ पुरुष आणि ४७९ स्त्रियांची तपासणी करून १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. पाय टेबलाला बांधून पालथं झोपायचं आणि कमरेवरचा भाग हवेत आडवा किती वेळ धरता येतो ते पाहायचं, मर्यादा २४० सेकंद. ज्या पुरुषांची पाठ जास्त वेळ टिकली, त्यांना पुढच्या वर्षात पहिली कंबरदुखी कमी झाली. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९९ मध्ये तरुण, निरोगी व्यक्तींचे सरासरी आकडे दिले. पाठीच्या या चाचणीत पुरुष १४६ सेकंद टिकले आणि स्त्रिया १८९. उजव्या कुशीवर कोपर टेकून अंग उचलून धरण्यात पुरुष ९४ सेकंद आणि स्त्रिया ७२. डाव्या कुशीचे आकडे जवळपास तेवढेच. दोन्ही कुशींमध्ये मोठी तफावत दिसली तर ती दखल घेण्याजोगी समजतात.

मराठी माणसाला हा दम वाढवायला परक्या यंत्रांची गरज नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा घरोघरी प्रसार केला त्या सूर्यनमस्कारात, दोन्ही हातांवर भार घेऊन टाचेपासून डोक्यापर्यंत अंग सरळ धरण्याची स्थिती येतेच. पेशवाईतल्या बाळंभट्ट देवधरांच्या काळापासून चालत आलेल्या मल्लखांबावर तर हाताची पकड आणि धडाचा दम यांची एकदमच परीक्षा होते. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये याच खेळाच्या प्रसारासाठी पद्मश्री मिळाली. घाईघाईत बारा सूर्यनमस्कार उरकण्यापेक्षा त्यातली ती सरळ स्थिती दोन-तीन श्वास टिकवली, तर धडाला खरं काम मिळतं.

ज्यांना तेही जड जातं त्यांच्यासाठी मॅकगिल यांनी सुचवलेला एक व्यायाम पुरेसा आहे. हात-गुडघे टेकून ओणवं व्हायचं, उजवा हात समोर आणि डावा पाय मागे सरळ करायचा, कंबर डुलू न देता आठ-दहा सेकंद धरायचं, मग बाजू बदलायची. वेळ वाढवण्यापेक्षा फेऱ्या वाढवायच्या. श्वास कोंडायचा नाही. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, हर्निया किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. हातात मुंग्या, बधिरपणा किंवा अचानक आलेली कमजोरी असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. ते मज्जातंतूच्या किंवा मेंदूच्या आजाराचं लक्षण असू शकतं.

खांदा, कोपर किंवा मनगटाचं दुखणं घेऊन आलेल्या रुग्णाचा फक्त दुखरा सांधा तपासून त्याला घरी पाठवलं जातं, तेव्हा तपासणी अर्धीच झालेली असते. धडाचा टिकाव मोजायला एक टेबल, एक घड्याळ आणि काही मिनिटं लागतात. प्रत्येक फिजिओथेरपिस्टने ती मोजणी करावी, क्रीडा प्रशिक्षकांनी हंगामापूर्वी करावी आणि पक्षाघाताच्या रुग्णाच्या घरच्यांनी हाताच्या व्यायामाबरोबर बसण्याच्या तोलाचीही चौकशी डॉक्टरांकडे आवर्जून करावी.